तोंड राहिलेला माणूस

सुनेने कपाटाचा तळाचा खण ओढून जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं, तेव्हा तो दारात उभा राहून चहा पीत होता. बायको जाऊन बरेच महिने झाले होते. भाजी आणायला म्हणून गेली, दुकानाच्या पायरीवर जरा बसते म्हणाली आणि तिथेच संपली. आजार नाही, निरोप नाही, काही सांगून ठेवणं नाही. कपाट रिकामं करायला हवं असं मुलगा दर फोनला म्हणायचा आणि तो दर फोनला हो म्हणायचा. शेवटी सूनच एका सकाळी पिशव्या घेऊन हजर झाली. तिने अभ्रा सोडला, आतली लाकडी रिंग उजेडात धरली आणि बघतच राहिली. "बाबा, हे कोण?" तिने विचारलं. रिंगेत ताणून बसवलेल्या पांढऱ्या कापडावर एका माणसाचा चेहरा होता. लांबून रंगवलेला वाटावा असा, पण जवळून बघितलं तर सगळा दोऱ्यांनी भरलेला. साठीच्या पुढचा माणूस. कुरळे, भरगच्च, करडे केस, रुंद कपाळ, ठसठशीत नाक, एक गाल आणि एक कान पुरा झालेला. दुसरा गाल अर्धवट होता आणि तोंड नव्हतंच. तोंडाच्या जागी पेन्सिलीच्या पुसट रेघा तेवढ्या होत्या. पण डोळे होते. ते अशा ओळखीने बघत होते की तो नकळत दारातून बाजूला सरकला. "कोणी नाही," तो म्हणाला, "क्लासमधलं असेल काहीतरी." आईंनी केलंय हे, काय जिवंत आहे हो, असं काहीबाही सून बोलत राहिली आणि मग कपड्यांच्या घड्यांकडे वळली. चहा त्याच्या हातातच निवला.

त्याने सगळा जन्म बँकेत सह्या तपासण्यात घालवला होता. खरी कुठली, खोटी कुठली, घाईत केलेली कुठली, दुसऱ्याने हात धरून करवलेली कुठली, हे तो एका नजरेत सांगायचा, आणि तरी भिंग लावून पुन्हा बघायचा. ऑफिसात त्याला भिंगसाहेब म्हणत. तोंडावर साहेब आणि माघारी नुसतंच भिंग. निवृत्त झाल्यावर भिंग घरी आलं. आता त्याने ते त्या चेहऱ्यावर लावलं. हा मेहुणा नव्हता. मेहुण्याचं नाक बसकं होतं. शेजारचा नव्हता, डॉक्टर नव्हता, बायकोच्या शाळेतला कुठला जुना मास्तर असता तर तिच्या आठवणीत तो इतक्या वयाचा नसता. आपण तर नव्हतोच. आपल्या डोक्यावर केस उरलेत कुठे. माणसाचे डोळे असे भरायचे तर किती दिवस त्या डोळ्यांसमोर बसावं लागेल, हा हिशेब त्याच्या मनात आला आणि मग हटेचना. बुबुळात एकच रंग नव्हता. तपकिरी, त्याच्या कडेला मधासारखा, त्याहून आत हिरवट म्हणावा असा कुठला तरी, आणि वर उजेडाचा एक पांढरा ठिपका. आपल्या डोळ्यांचा रंग बायकोला सांगता आला असता का? आपल्याला तिच्या डोळ्यांचा सांगता येईल का? हा दुसरा प्रश्न त्याने सोडून दिला, कारण तपास तिचा चालला होता.

त्या दिवसापासून मागचं सगळं उलटं फिरायला लागलं. आठवड्यातून दोनदा दुपारची ती कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायची. कुठे, असं विचारलं की क्लासला. कसला, तर भरतकामाचा. एवढ्या दोन उत्तरांवर त्याने इतकी वर्षं काढली होती. बँकेत एवढ्यावर त्याने एक कागद पुढे सरकू दिला नसता. एकदा ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. एकदा जिना चढताना गुणगुणत होती आणि दार उघडताच थांबली. एकदा बसस्टॉपवर पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या मानेकडे ती इतका वेळ बघत होती की तो माणूस वळला, आणि ती अजिबात न ओशाळता म्हणाली, "कानामागे किती रंग असतात ना माणसाच्या." तेव्हा त्याला वाटलं होतं, बाई वयाने जरा बहकली. आता तेच वाक्य निराळं ऐकू येत होतं. कोणाच्या कानामागे बघून आली होती ती? जिवंतपणी त्याने तिच्यावर कधी संशय घेतला नव्हता. म्हणजे घेतला होता, पण बारीकसारीक: दुधावरची साय कोणी खाल्ली, खिडकी कोणी उघडी ठेवली. मोठा संशय घ्यायचा राहूनच गेला होता, आणि आता ज्याला विचारायचं ते माणूस नव्हतं. रिंग त्याने स्वतःच्या कपाटात शर्टांच्या मागे ठेवली. शर्ट काढताना दररोज तो दिसायचा, तोंड नसलेला, सगळं माहीत असलेला.

तिच्या कापडी पिशवीच्या तळाशी दोऱ्यांच्या दुकानाची चिठ्ठी चिकटली होती. दुकानदाराने फार विचार न करता सांगितलं, असले बारीक दोरे ना, ते वरच्या गल्लीतल्या लाँड्रीच्या माडीवर लागतात, तिथे बाईंचा क्लास आहे. लाँड्रीतून वाफेचा आणि गरम कापडाचा वास जिन्यात येत होता. वर एक लांबट खोली, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, खिडकीशी टेबलं आणि टेबलांवर माना घातलेल्या काही बायका. बाई म्हणजे रुंद बांध्याची, साठीची, गळ्यात दोन आणि कपाळावर एक असे तीन चष्मे वागवणारी. पूर्वी ती नाटकाच्या कंपनीत पोशाख दुरुस्त करायची, हे त्याला नंतर कळलं. शिकायचंय, तो म्हणाला. का, तिने विचारलं. वेळ जात नाही, तो म्हणाला आणि नाव सांगताना आडनाव गाळलं. तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग टेबलाशी जागा करून दिली. बाकीच्या माना वर आल्या आणि पुन्हा खाली गेल्या, पण एवढ्यात त्यांच्यात काहीतरी फिरून गेलं हे त्याला कळलं. काहीतरी लपवणारी माणसं अशीच एकदम कामाला लागतात. आपण बरोबर ठिकाणी आलोय, त्याला वाटलं.

त्याचा बेत साधा होता. दोन-चार वेळा यायचं, कान उघडे ठेवायचे, बायकोचं नाव निघेल, त्या पाठोपाठ दुसरं निघेल. पण नाव निघेना आणि बाई शिकवायची थांबेना. पहिल्यांदा कापड रिंगेत इतकं ताणायचं की टिचकी मारली तर वाजलं पाहिजे. मग सहा पदरांच्या दोऱ्यातून एकच पदर ओढून काढायचा. त्याने ओढला की बाकीचे पाच गुंतून बसायचे. सुईच्या नेढ्यात दोरा घालायला त्याला भिंग लागलं आणि पलीकडची दातांची डॉक्टर हसली. ती दुपारचं दवाखान्याचं दार लावून इथे येऊन बसायची आणि एका घुबडाचं पोट भरत होती. त्याला मिळाली एक पाकळी. पाकळीची कड आधी बारीक टाक्यांनी भरायची, मग त्या कडेवरून आत एक टाका लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, म्हणजे शेवट दातेरी राहतो. आणि पुढच्या रंगाचा टाका मागच्या टाक्याच्या अंगातून, दोऱ्याला दुभागून वर आला पाहिजे. "रांगेत उभे करू नका त्यांना," बाई म्हणायची, "गर्दीत मिसळू द्या. कुठे एक रंग संपला आणि कुठे दुसरा सुरू झाला हे कोणाला सांगता आलं, तर चुकलं." त्याला हे मनापासून पटलं नाही. त्याची सगळी हयात कुठे काय बदललं हे सांगण्यात गेली होती. त्याची पाकळी शिडीसारखी झाली. बाईने ती उसवायला लावली. दुसरी केली, ती जिभेसारखी झाली. सुई बोटात गेली आणि कापडावर रक्ताचा ठिपका पडला. बाई म्हणाली, थुंकी लावा, स्वतःच्या रक्ताला स्वतःचीच थुंकी लागते. त्याने लाजत लावली. डाग खरंच गेला. घरी येताना त्याच्या लक्षात आलं की आज आपण तपास केलाच नाही.

खिडकीच्या कोपऱ्यात एक म्हातारी बसायची, सगळे तिला मावशी म्हणायचे. ती भरत नसे. दोऱ्यांच्या लडी मांडीवर घेऊन बोटांनी सोडवायची, गुंडाळायची आणि डब्यात ठेवायची. रंग बाईला विचारून. त्याला ती मुळीच आवडली नाही. ती कधी सरळ बघायचीच नाही. तो बोलायला लागला की तोंड फिरवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहायची, जसा दुकानदार खिसे चाचपणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो तशी. एकदा तिने विचारलं, घरी कोण असतं तुमच्या? एकटाच, तो म्हणाला. कपाटं आवरली का, तिने विचारलं. हा काय प्रश्न झाला? तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घाईघाईने घुबडाच्या पिसांचा विषय काढला. दोन माणसांनी मिळून एक गोष्ट दाबली की ती दाबलेली गोष्टच फुगून वर येते, हे त्याने सह्यांमध्ये कितीदा बघितलं होतं.

मग फ्रेमवाला आला. तयार झालेली कामं न्यायला तो मधूनमधून यायचा. उंच, साठीचा, आणि डोक्यावर भरगच्च कुरळे करडे केस. ते बघून भरायला बसलेल्या त्याची सुई हवेतच राहिली. फ्रेमवाला मोकळा हसला, बाईच्या खांद्यावर थोपटून मावशीच्या कानात काहीतरी बोलला, आणि मावशी चक्क लाजली. त्या दिवशी तो घरी गेला ते शर्ट बाजूला सारून रिंगेपुढे उभाच राहिला. केस तेच. पण केसांवरून कोणाला पकडता येत नाही, आणि नाकावरूनही नाही. कानावरून येतं. कान म्हणजे माणसाची सही; वय झालं तरी तिचं वळण बदलत नाही. भरलेल्या कानाची पाळी खाली लोंबत नव्हती, सरळ गालाला चिकटली होती, आणि वरच्या कडेच्या आतल्या अंगाला एक बारीकसा उंचवटा होता. तो उंचवटा एका फिक्या टाक्याने उचलला होता. हे त्याने पाठ केलं. पुढच्या खेपेला फ्रेमवाला आला तेव्हा तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठला आणि त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. आणखी जवळ सरकला. शेवटी फ्रेमवाल्याने मान वळवून विचारलं, "काका, माझ्या कानाला काय झालंय का?" सगळी खोली हसली. कानाची पाळी लांब होती आणि लोंबत होती. तो परत येऊन बसला. संशय सुटल्याचं बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं ते हरवल्यासारखं. निदान आठवडाभर त्या माणसाला चेहरा होता, तोंड होतं, हसू होतं.

पाकळीनंतर पान झालं, पानानंतर एक नासपती, आणि मग बाईने त्याला चिमणी दिली. चिमणीला पिसं आधी पेन्सिलीने दाखवायची, कुठल्या दिशेने वाढतात ते. दिशा चुकली तर चिमणी मेलेली दिसते. आता त्याला आपोआप दिसायला लागलं होतं. तारेवर बसलेल्या पाखराच्या छातीत राखाडी, पिवळा आणि जांभळट असे तीन रंग असतात. सुनेच्या भुवया मुळाशी फिक्या आहेत. दाढी करताना गालाचा रंग जबड्यापाशी बदलतो. हे बायकोला रोज दिसत असणार, आणि ती ते कोणाला सांगत असेल, या विचाराशी तो पुन्हा येऊन थांबायचा. आपल्याला तर नव्हतं सांगितलं. एकदा सांगितलं होतं, बसस्टॉपवर. कधी कधी मात्र तासन् तास त्याला कशाचाच संशय येत नसे. दोरा कापडातून ओढताना होणारा बारीक आवाज, खालून येणारी इस्त्रीची ऊब, कोणीतरी मध्येच सोडलेला उसासा. मग त्याला स्वतःचाच राग यायचा. आपल्याला इथे रमवून ठेवताहेत, विसरायला लावताहेत, असं वाटायचं आणि तो मान वर करून एकेकीकडे बघायचा. कोणी ना कोणी हमखास त्याच्याकडेच बघत असे.

बाईची एक सवय होती. काम झालं की ती पुढून बघायच्या आधी पाठ बघायची. चिमणीची पाठ उलटून तिने तीन चष्म्यांतला एक डोळ्यांवर घेतला आणि मान हलवली. त्याने सगळीकडे गाठी मारल्या होत्या. गाठ मारायची नाही, ती कितीदा म्हणाली होती. दोऱ्याचं टोक टाक्यांखालून नेऊन दडवायचं, नाहीतर गाठ पुढून फुगते. दोरा सुटेल अशी भीती वाटते, तो म्हणाला. "नाही सुटत," बाई म्हणाली. मग चिमणीकडेच बघत हळू आवाजात म्हणाली, "इथे एक होत्या, त्यांनाही गाठीशिवाय धीर नसायचा." दातांच्या डॉक्टरीणबाईंची कात्री टेबलावर पडली.

घरी जाऊन त्याने रिंग काढली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उलटी केली. मग एक शर्ट काढला, त्याचं बटण उलटं करून बघितलं, मग दुसरा. बायकोने लावलेलं प्रत्येक बटण मागून एका टपोऱ्या गाठीवर बसलं होतं. मग रिंगेची पाठ त्याने खिडकीशी उभ्याउभ्याच बघितली. चेहऱ्याच्या केसांमागे गाठी होत्या. कानामागे होत्या, गालामागे होत्या. पण कपाळाच्या, नाकाच्या आणि दोन्ही डोळ्यांच्या मागे एकही गाठ नव्हती. सगळी टोकं डावीकडे वळवून टाक्यांखाली नेलेली, इतकी साफ की पाठच पुढची बाजू वाटावी. त्याने रिंग सुलटी केली. आता पुढूनही कळत होतं. कपाळ संपताना टाके घट्ट आणि आखूड होते, केसांच्या मुळाशी ते सैल आणि लांब झाले होते. एका सहीत दोन हात होते. डोळे तिने भरलेले नव्हते. तो खाटेवर बसला. जी नजर इतके महिने त्याच्या शर्टांमागे राहिली होती, जिच्यापुढे त्याला रोज सकाळी कपडे घालायची लाज वाटत होती, ती नजर दुसऱ्याच कोणाच्या हातची होती. त्याला सुटल्यासारखं झालं आणि लगेच, सवयीने, दुसरा संशय उभा राहिला. म्हणजे आणखी एक जण यात होतं. म्हणजे दोघींना माहीत होतं. मग कदाचित सगळ्यांनाच.

नंतरचे दिवस त्याने लोकांच्या कामाच्या पाठी बघण्यात घालवले. शिकायच्या निमित्ताने मागायचा, आणि त्या देत. घुबडाची पाठ गबाळी होती. बाईची स्वतःची नेटकी होती, पण टोकं उजवीकडे वळवलेली. तो हात कोणाचाच नव्हता. भिंतीवर एक मांजर होतं, खूप जुनं, काच लावलेलं. त्याने ते कधी नीट बघितलं नव्हतं. मांजराचे डोळे ओळखीने बघत होते. हे कोणी केलं, त्याने विचारलं. मावशींनी, बाई म्हणाली, नजर चांगली होती तेव्हाचं. आता मधलं काहीच दिसत नाही त्यांना, कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून त्या तोंड फिरवून बघतात. मागून बघू का, त्याने विचारलं. बाईने का म्हणून विचारलं नाही. तिने मांजर खिळ्यावरून उतरवलं, मागचा पुठ्ठा काढला आणि त्याच्या हातात दिलं. टोकं सगळी डावीकडे वळलेली होती. मग त्याने, जसं हवापाण्याचं विचारावं तसं, विचारलं की मावशींचे मिस्टर काय करायचे. शाळेत भूगोल शिकवायचे, बाई म्हणाली, वारले त्याला खूप वर्षं झाली. आणि मग मांजर परत खिळ्यावर अडकवताना, पाठमोरीच, म्हणाली, "आणा आता ते. थांबायला त्यांच्यापाशी फार नजर उरलेली नाही."

म्हणजे पहिल्या दिवसापासून यांना माहीत होतं. त्याने तसं विचारलंच. बाई म्हणाली, मी आले होते ना तुमच्या घरी, त्या गेल्या त्या दिवशी. दारात तुम्ही मला चपला भिंतीशी नीट लावायला सांगितलंत. त्यानंतर तुम्ही इथे आलात, आडनाव चोरलंत, शिकायचंय म्हणालात. आम्हांला कळेना तुमच्या मनात काय आहे. कोणी म्हणालं, रागावून आले असतील. कोणी म्हणालं, ते फेकून दिलं असेल आणि आता सांगायचा धीर होत नसेल. मावशींनी सगळ्यांना बजावलं की कोणी विचारायचं नाही, घरातलं माणूस गेलंय त्यांचं. इतके दिवस तो त्यांच्यावर नजर ठेवून होता आणि त्या खोलीभर बायका त्याच्यावर.

दुसऱ्या दिवशी त्याने रिंग अभ्र्यात गुंडाळून नेली. मावशीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "माझ्याकडे राहिलं होतं." मावशीने अभ्रा सोडला. तोंड खिडकीकडे वळवून, रिंग एका बाजूला धरून, ती बराच वेळ बघत राहिली. मग रिंग जरा फिरवली, पुन्हा बघितलं. डोळे तिला दिसत नव्हते हे सगळ्यांना कळलं. मध्यावर तिने बोट ठेवलं, भुवईवरून नेलं, नाकावरून खाली आणलं. "हा माझा भाग," ती म्हणाली. बोट केसांत गेलं. "आणि हा तिचा." मग तिने शांतपणे सांगितलं. तिचे डोळे इतकं करेपर्यंत टिकले, पुढे सुई कापडाऐवजी बोटातच जायला लागली. तेव्हा त्याची बायको म्हणाली होती, मावशी, मी पुरं करते. केस घरी नेऊन भरते, केसांना फोटो कशाला लागतो. तोंडावरून मात्र दोघींचं दर खेपेला वाजायचं. फोटोतलं तोंड मिटलेलं होतं, फोटोवाल्याने मिटायला लावलेलं, आणि मावशीला ते तोंड नको होतं. तसं ते घरात कधी नव्हतंच. आणि कान, त्याने विचारलं. कानाचं तो का विचारतोय हे त्यालाच नीट कळलं नाही. मावशी हसली. फोटोत कान होता कुठे, ती म्हणाली, केसांनी झाकलेला. मला आठवेना आमच्या ह्यांचा कान कसा होता. इतकी वर्षं संसार केला, पण कान काही आठवेना. तर ती मला म्हणाली, मला एकच कान पाठ आहे, तोच घालते. "तुमचा आहे तो."

त्याचा हात कानाकडे गेला. पाळी गालाला चिकटलेली होती. वरच्या कडेच्या आत बोटाला एक बारीक उंचवटा लागला. आयुष्यभर तिथेच होता, पण स्वतःचा कान कोण बघतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खाली मान घातली. त्याने विचारलं, माझा चेहरा का नाही केला तिने कधी, आणि विचारताच त्याला वाटलं, विचारायला नको होतं. सुरू केला होता, मावशी म्हणाली, दोनदा. "पण ती म्हणायची, यांच्याकडे जरा बघायला लागलं की हे लगेच विचारतात, काय बघतेस. मग मी पेपर वाचताना बाजूने बघते. बाजूने कानच दिसतो." मावशीने हे कसलाही ठपका न ठेवता सांगितलं, एखाद्या घरातली गंमत सांगावी तसं. त्याला सकाळचं टेबल दिसलं, पेपर दिसला, आणि पेपराच्या कडेपलीकडे कप हातात धरून थांबलेली बायको दिसली. काय बघतेस, त्याने म्हटलं होतं, आणि शर्टाच्या कॉलरवर डाग पडलाय का ते चाचपून बघितलं होतं. काही नाही, ती म्हणाली होती. त्या काही नाहीचाही त्याला संशय आला होता. नजर असली की तिला कारण असतं, आणि कारण बहुधा चूक शोधण्याचं असतं, एवढंच तो बँकेत शिकला होता. कोणी आपल्याकडे नुसतंच, रंग बघायला म्हणून, बघत असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. खालून इस्त्रीचा वास येत होता. कोणीच काही बोललं नाही, आणि त्या न बोलण्यात या खेपेला त्याला काही लपवलेलं सापडलं नाही.

तोंड त्यानेच भरावं असं मावशी म्हणाली. बाईने विरोध केला. चिमणीवरून माणसाच्या ओठांवर उडी मारतं का कोणी. मग आधी वेगळ्या कापडावर ओठच ओठ करून घेतले. मावशी सांगायची आणि तो भरायचा. वर्गात नद्यांची नावं सांगताना खालचा ओठ पुढे यायचा, ती सांगायची. चिडले की डावा कोपरा आत जायचा. खोटं बोलत असले की दोन्ही ओठ अगदी बरोबर जुळायचे, म्हणून तर तो फोटो नको. तो ऐकायचा आणि उसवायचा. ओठ तांबडे नसतात हे त्याला हळूहळू पटलं. त्यात विटकरी असतो, राखाडी असतो, कडेला तर गालाचाच रंग असतो आणि तो कुठे संपला हे सांगता येता कामा नये. शेवटी त्याने खऱ्या कापडावर सुई घातली. मधूनमधून मावशी बोट लावून बघायची, अजून जरा उघडं करा म्हणायची. मध्ये कधीतरी ती आपणहून बायकोचंही सांगायला लागली. ती इथे बसून कसल्या नकला करायची, फ्रेमवाल्याला कशी चिडवायची, एकदा हसता हसता डोळ्यांतून पाणी येऊन कसं काम थांबलं होतं. तो सुई न थांबवता ऐकत राहिला. हे सगळं त्याच्या घरी कधी आलं नव्हतं. वाईट वाटायचं, पण जे वाटायचं त्यात आता चोरी झाल्याची भावना नसायची. तोंड पुरं झालं तेव्हा फ्रेमवाला काच घेऊन आला. मावशी चेहरा घरी घेऊन गेली आणि पुढच्या वेळी नेहमीसारखी येऊन लडी सोडवत बसली.

घुबड संपल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी म्हाताऱ्या माणसाचा डोळा करायला घेतला होता आणि त्यांना सुरकुत्या जमत नव्हत्या. एका दुपारी त्यांनी जरा चाचरतच विचारलं, काका, थोडा वेळ खिडकीत बसाल का, उजेडाकडे तोंड करून. नाही म्हणायला त्याच्यापाशी पुष्कळ कारणं होती. तो उठला, खुर्ची ओढली आणि बसला. कागद आणि पेन्सिल घेऊन त्या समोर आल्या. मग बाईही चष्मा बदलून बघायला आली, आणि तिच्यामागे आणखी दोघी. कपाळ घट्ट झालं, मान आखडली. दाढी नीट झाली नसेल. डोळ्यात काही अडकलं असेल. या एवढ्या जणी एका म्हाताऱ्या डोळ्यात काय बघताहेत, आणि बघून झाल्यावर आपसात काय बोलणार आहेत? प्रश्न जिभेच्या टोकापर्यंत आला. दातांच्या डॉक्टरीणबाई पुटपुटल्या, इथे जरा निळा आहे, आणि पेन्सिल चालायला लागली. त्याने प्रश्न गिळला आणि हलला नाही.